पाणी अडवा, पाणी जिरवा... पण कड्याच्या डोक्यावर नको

दरवर्षी एप्रिल-मे आला की कोणाचा ना कोणाचा फोन येतोच. वाडीच्या वरचा कडा सुटायला लागलाय, मागच्या पावसात रस्त्यावर दगड आले होते, जाळी मारायला मीटरला किती पडतील. म्हणजे थेट जाळीच. मी विचारतो, कड्याच्या डोक्यावर काय आहे? मग जरा वेळ शांतता. "वर काय असणार, सडा आहे." सड्यावर, म्हणजे वरच्या सपाट कातळावर, काय आहे? "आंब्याची कलमं आहेत, एक जुनी चिरेखाण आहे, बाकी काय नाय." झालं, अर्धं उत्तर तिथेच मिळालेलं असतं.

मी डिप्लोमावाला माणूस, कोकणात किनाऱ्यालगतच्या रस्त्यांवर बरीच वर्षं सुपरवायझरी केली, त्यात जे शिकलो ते इथे टाकतोय. ग्रामपंचायतीतल्या लोकांना, कड्यावर बाग नाहीतर होमस्टे असलेल्यांना आणि नवीन साइटवर आलेल्या पोरांना उपयोगी पडेल. आता एक आधीच सांगतो, डिझाइन हे भूगर्भवाल्याचं आणि जिओटेक्निकल इंजिनियरचं काम, ते त्यांच्याकडूनच करून घ्या. पण तो माणूस यायच्या आधी आणि तो गेल्यावर बरंच काही आपल्याच हातात असतं, आणि कॉन्ट्रॅक्टर नीट करतोय का गंडवतोय हे कळायला तरी माहिती पाहिजेच ना.

कडा कसला आहे ते आधी बघा

रत्नागिरी-राजापूर-देवगड पट्ट्यात बहुतेक ठिकाणी वर जांभा, म्हणजे आपला चिऱ्याचा दगड. त्याच्याखाली पांढरट, पिवळट, कुठे कुठे गुलाबी अशी चिकण माती, बोटाला शाडूसारखी लागते. तिच्याखाली कुजलेला आणि मग घट्ट काळा दगड. जांभा म्हणजे चाळण, पावसाचं पाणी त्यातून आरपार उतरतं, चिकण मातीवर येऊन अडतं आणि मग आडवं वाहत कड्याच्या तोंडातून बाहेर पडतं, येताना दर पावसात थोडी थोडी माती घेऊन येतं. काही वर्षांनी वरचा जांभा पडवीच्या छपरासारखा पुढे आलेला आणि खाली आधारच नाही अशी अवस्था होते, मग डोक्यावर कडेला समांतर भेग पडते, आणि एका रात्री रिक्षाएवढा धोंडा रस्त्यावर. लोक म्हणतात अचानक पडला. अचानक काही नसतं, तो दहा वर्षं पडतच होता.

जिथे काळा दगड आहे तिथे खेळ वेगळा. त्याला उभे-आडवे सांधे असतात, दोन-तीन सांधे एकमेकांना छेदले की पाचरीसारखा तुकडा मोकळा होतो आणि तो सांधा रस्त्याकडे उतरत असेल तर घसरतो. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये कधी कधी तांबडा मऊ थर असतो, तो आधी झिजतो. आणि तिसरा प्रकार म्हणजे मुरुमात अडकलेले गोल धोंडे, कांद्यासारखे पापुद्रे सुटत गेलेले, मुरुम धुतला की धोंडा मोकळा. हा गोल असल्यामुळे जास्त लांब जातो. मालवण-वेंगुर्ल्याकडे दगडच वेगळा, तिथे हे सगळं जसंच्या तसं लावू नका.

हातोडी घेऊन जा. हाताला येईल तिथे दगडावर मारा, खणखणीत आवाज आला तर मागे धरलेला आहे, बद्द आवाज आला तर मागे पोकळी आहे. याच्यापेक्षा स्वस्त टेस्ट नाही. फक्त लोंबणाऱ्या दगडाच्या खाली उभं राहून मारू नका, हे सांगावं लागतं कारण मी बघितलंय मारताना.

आणखी एक, जांभ्याचं वरचं काळपट कवच काढू नका. जांभा उघड्यावर हवा-पाणी खाऊन घट्ट होतो, आतला ताजा भाग मऊ असतो. जेसीबी लावून कड्याचं तोंड "साफ" केलं की दिसायला छान लालभडक दिसतं, फोटो पण चांगला येतो, पण तुम्ही त्याची साल सोलून ठेवलेली असते, वर खारं वारं आहेच.

आता वर चढा

पाणी अडवा पाणी जिरवा हे आपल्या डोक्यात इतकं बसलंय की कड्याच्या वर पण आपण तेच करतो. सड्याच्या मध्यावर करा, चांगलंच आहे, खालच्या विहिरींना पाणी राहतं. पण कड्याच्या धारेजवळ, म्हणजे वरच्या काठाजवळ, एक थेंब पण जिरता कामा नये. इथे घोषणा उलटी, पाणी पकडा आणि लांब नेऊन सोडा.

हे बघायला पावसातच जावं लागतं. मे महिन्यात सडा कोरडा ठणठणीत, काही कळत नाही. एक चांगली सर पडत असताना रेनकोट घालून जा आणि पाणी कुठे साठतं, कुठे गुडुप होतं ते बघा. जिथे पाणी वाहता वाहता जमिनीत गायब होतं ना, ती जागा चुन्याने नाहीतर दगड रचून मार्क करा, तुमचा निम्मा प्रॉब्लेम ती आहे. एकदा मी आणि एक जुने चिरेखाणीवरचे अण्णा, मालवणकडचे, असेच उभे होतो, मी खाली वाकून कड्याच्या भेगा मोजतोय आणि ते मागे बघत होते. मला म्हणाले, "अरे, भेग मगे मोज, पाणी खंयसून येता ता आधी बघ." मागे साठ-सत्तर पावलांवर एक सोडून दिलेली खाण होती, चांगली पुरुषभर खोल, काठोकाठ भरलेली, दुसऱ्या दिवशी ऊन पडलं तर पाणी निम्म्यावर. एवढं पाणी उन्हाने नाही जात एका दिवसात. ते कुठे गेलं ते खाली रस्त्यावर दिसतच होतं, चिकण मातीच्या रेघेवर ओळीने झरे फुटलेले.

तर वर बघायचं काय काय, जुन्या चिरेखाणी, कलमांची आळी, समतल चर, शेततळ्याचं फाटलेलं प्लास्टिक, हॉटेलचा शोषखड्डा, स्विमिंग पूल, पाण्याच्या टाकीचा ओव्हरफ्लो. शोषखड्डा हा सगळ्यात बदमाश, कारण तो बाराही महिने पाणी सोडतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. एप्रिलमध्ये कड्यातून ओल दिसली तर पावसाला दोष देऊ नका, वर कोणाचा तरी संडास आहे.

खाण असेल तर एका बाजूने तोंड फोडून पाणी जवळच्या पऱ्याकडे, म्हणजे ओढ्याकडे, काढून द्या, नाहीतर चिकण माती थराथराने दाबून भरा आणि वरून धारेच्या उलट्या बाजूला उतार द्या. मग कॅच वॉटर ड्रेन, म्हणजे धारेपासून साधारण तीन ते पाच मीटर मागे, धारेला समांतर गटार. आणि इथे सगळ्यात कॉमन चूक, कच्चं गटार खणून ठेवतात. अहो जांभ्यात कच्चं गटार म्हणजे पाणी आत घालायची नळीच झाली की. एक तर पक्कं करा नाहीतर करूच नका. काँक्रीट नाहीतर चिऱ्याची सिमेंटमध्ये बांधणी, आतून प्लास्टर, शंभर मीटरला निदान एक मीटर उतार, आणि शेवट पऱ्यात पायऱ्या पायऱ्यांनी उतरवलेला. गटाराचा शेवट कड्याच्या तोंडावरून खाली सोडला असेल तर सगळं केलेलं पाण्यात, अक्षरशः.

एका कामावर एस्टिमेटमध्ये वरचं गटार होतं, आणि काम सुरू होताना "जागा खाजगी आहे, परवानगी नाही" म्हणून तो आयटम कापला, त्याचे पैसे जाळीत वळवले. जाळी एकदम मस्त, चकचकीत. दुसऱ्या पावसात जाळीच्या मागे माती आणि चिरे साठून पोट सुटल्यासारखा फुगा आला, तिसऱ्या पावसात वरचे दोन अँकर, म्हणजे जाळी टांगायला पुरलेल्या सळया, मातीसकट उपटून खाली. जाळीनेच जास्त माल खाली आणला. त्यामुळे खाजगी जागेचं आधी बघा, बागवाल्याशी बोला, त्याला समजावा की त्याचीच शेवटची कलमांची ओळ जाणार आहे. बहुतेक तयार होतात, फक्त ऑफिसच्या नोटिशीने होत नाहीत, घरी जाऊन चहा घ्यावा लागतो.

डोक्यावरच्या भेगा चिकण माती ठोकून बंद करा, वर मातीचा उंचवटा ठेवा. सिमेंट ओतू नका, ते कडक असतं, भेग केसभर हलली की सिमेंटच्या बाजूने पाणी परत आत, आणि आता तुम्हाला ती भेग दिसत पण नाही.

आतलं पाणी काढायला कड्याच्या तोंडातून आडवी भोकं मारतात, चिकण मातीच्या अगदी वरच्या रेघेवर, भोक आत जाताना किंचित वर चढलेलं, पाच ते दहा अंश, म्हणजे पाणी आपोआप बाहेर येतं. आत भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप, त्याला जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी सोडणारं पण माती अडवणारं कापड, गुंडाळलेलं, नाहीतर एका पावसात गाळाने बंद. ड्रिलिंगवाला भोक खाली उतरतं मारत असेल तर तिथेच थांबवा. तो खिळ्यांचा, म्हणजे उतार धरायला खाली झुकवून मारायच्या सळयांचा, अँगल ड्रेनला लावतोय, होतं असं, मशीन एकदा सेट केलं की बदलायचा कंटाळा.

दोन खिळे आणि एक वही

भेगेच्या दोन्ही बाजूला एक एक जाड खिळा सिमेंटमध्ये बसवा, डोक्यावर छिन्नीने खूण करा आणि दोन खुणांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. तारीख, वेळ, काल किती पाऊस पडला. असे चार-पाच जोड लावा. पावसाळ्यात आठवड्याला एकदा, मोठ्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी. शाळेतली नववी-दहावीची पोरं हे काम सुपरवायझरपेक्षा चांगलं करतात, अनुभव आहे. फोटो काढायचा तर दरवेळी त्याच जागेवरून, शेजारी पट्टी धरून. जाळी-बिळी काही करायचे पैसे नसतील तरी हे शंभर रुपयांत होतं.

सैल दगड उतरवणं

जाळी मारायच्या आधी सुटायच्या बेतात असलेले दगड आपण होऊन खाली घ्यायचे. हे काम ऑक्टोबर ते मे. वरून सुरुवात करून खाली यायचं, उलटं कधीच नाही. माणूस दोराला, दोर दोन वेगवेगळ्या अँकरला, झाडाला नाही. काजूच्या झाडाला दोर बांधलेला बघितलाय मी. हातात पहार, खाली रस्ता दोन्हीकडून बंद, एक माणूस फक्त बघायला आणि शिट्टी मारायला, त्याला दुसरं काही काम द्यायचं नाही, मोबाइल पण काढून घ्या. मोठा धोंडा असेल तर सुरुंग नको, हादऱ्याने शेजारचे सहा मोकळे होतात आणि चिकण मातीत पाणी असेल तर काय होईल सांगता येत नाही. भोकं मारून हायड्रॉलिक स्प्लिटर नाहीतर फुगणारी पावडर भरून फोडा, वेळ लागतो पण दगड शहाण्यासारखा फुटतो. आधी हेच काम लाकडी पाचरी ठोकून वर पाणी ओतून करायचे, तत्त्व तेच.

सगळं काढायच्या नादाला लागू नका. एक काढला की मागचा सैल वाटायला लागतो, तो काढला की त्याच्या मागचा, आणि संध्याकाळपर्यंत तुम्ही कडा दोन मीटर मागे नेलेला असतो.

न्यूझीलंडला कायकोरात नोव्हेंबर २०१६ च्या भूकंपात किनाऱ्याचा हायवे आणि रेल्वे दोन्ही दरडींखाली गेले, तेव्हा त्यांनी हेलिकॉप्टरला बादल्या लटकवून कड्यावर पाणी ओतलं आणि सैल माल धुऊन खाली पाडला, मग दोरावरची माणसं पाठवली. त्या बादलीला तिकडे मान्सून बकेट म्हणतात. आपल्याकडे हे काम मृग नक्षत्र फुकटात करतं, फक्त तेव्हा खाली एसटी असते.

जाळी

आता या जाळीकडे. आधी ती काय करते ते समजून घ्या. वर तारेच्या दोराला टांगून कड्यावर पदरासारखी सोडलेली जाळी दगड थांबवत नाही, तो उडू नये म्हणून अंगाला लावून खाली आणते आणि पायथ्याच्या चरात सोडते. म्हणून तिचं खालचं टोक मोकळं पाहिजे, चरापासून अर्धा ते एक मीटर वर. ते टोक जमिनीत पुरलं किंवा खाली घट्ट बांधून टाकलं की पिशवी झाली, आणि भरलेली पिशवी शेवटी दांडी मोडते. दुसरी पद्धत खिळे मारून कड्याला दाबून बसवलेली जाळी, ती तुकडा धरून ठेवते, तिथे खिळ्यांचं अंतर आणि लांबी हिशोबाने काढलेली पाहिजे. दोन्हीची खिचडी करू नका. वर पदर आणि खाली घट्ट अशी जाळी मी जेवढ्या ठिकाणी बघितली तेवढ्या ठिकाणी पोट सुटलेलं बघितलंय.

तार समुद्रकिनाऱ्याची पाहिजे. साधी गॅल्व्हनाइज्ड जाळी खाऱ्या वाऱ्यात टिकत नाही, किनाऱ्यावरच्या घराच्या खिडकीचे गज बघा म्हणजे कळेल. जस्त-ॲल्युमिनियमचा लेप आणि त्यावर पीव्हीसीचं आवरण असलेली घ्या. नेहमी वापरात असते ती षटकोनी दुहेरी पिळाची, ८ बाय १० सेंटिमीटरच्या डोळ्याची, तार २.७ मिलिमीटर, आवरणासकट ३.७. दुहेरी पीळ मागायचं कारण असं की एखादी तार तुटली तरी जाळी मोज्यासारखी उसवत जात नाही. कंपनीचं टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि रोलवरचा बॅच नंबर त्याच्याशी जुळवून बघा. हे कोणी बघत नाही म्हणून सर्टिफिकेट एकाचं आणि माल दुसऱ्याचा.

वरचे अँकर धारेपासून मागे, घट्ट दगडात. जांभा आणि मातीत मारले की पावसात ढिले. टीएमटीची किंवा अँकरची खास सळई, भोक आधी हवेने फुंकून साफ, ग्राउट, म्हणजे सिमेंटचा पातळ गारा, तळापासून वर भरत यायचं, म्हणजे नळी तळाला टेकवून हळूहळू वर खेचत. वरून बादलीने ग्राउट ओतत असतील तर आत हवा राहते आणि सळई निम्मीच धरते. मग काही अँकर ओढून टेस्ट करायचे, आणि ते कुठले हे कॉन्ट्रॅक्टरने नाही, तुम्ही ठरवायचं.

आता एक बारकी गोष्ट, पण याच्यावर सगळं लटकलेलं असतं. दोर अँकरच्या डोळ्यातून वळवून परत स्वतःवर आणतात आणि यू-बोल्टच्या क्लिपा लावतात. या क्लिपेला दोन भाग, एक यू आकाराची सळई आणि एक खोबणीवालं खोगीर. ताण घेणाऱ्या दोरावर खोगीर बसलं पाहिजे आणि यू ची सळई मोकळ्या टोकावर. उलटं लावलं की यू ची सळई ताणाच्या दोराला चिमटते, दोर तिथेच चेपतो आणि वेळ आली की तिथूनच तुटतो. सगळ्या क्लिपा एकाच दिशेला, एक सरळ एक उलटी असली कारागिरी नको. निदान तीन, जाड दोराला जास्त. आणि दोरावर ताण आल्यावर दोर किंचित बारीक होतो, म्हणून नट परत आवळावे लागतात. पाना घेऊन स्वतः चढा आणि चार क्लिपा आवळून बघा, पाना फिरला तर समजा बाकीच्या पण तशाच.

मोठ्या धोंड्यांपुढे मात्र ही जाळी कुठेच लागत नाही. हिशोब करून बघा, पाऊण मीटर लांब-रुंद-उंच जांभ्याचा ठोकळा साधारण एक टनाचा, तो ३० मीटरवरून पडला तर जवळपास ३०० किलोज्यूल ऊर्जा घेऊन येतो. त्याला खांब, ब्रेक लावलेले दोर आणि लोखंडी रिंगांची जाळी असलेलं बॅरियर लागतं, ते किती किलोज्यूलचं हे कागदावर लिहिलेलं असतं. रस्त्याच्या कडेला चेनलिंकचं कुंपण घालून "बॅरियर" म्हणून बिल लावलेलं दिसलं तर त्या बिलावर सही करू नका.

खिळे आणि शॉटक्रीट

मुरुम-मातीच्या उतारात सॉइल नेलिंग करतात, सळया १०-१५ अंश खाली झुकवून आत ग्राउट केलेल्या, तोंडाला प्लेट आणि जाळी. चांगली पद्धत आहे. वर शॉटक्रीटचा, म्हणजे नळीने जोरात फवारलेल्या काँक्रीटचा, थर मारला की लोकांना वाटतं झालं काम, पण त्याच्यातून पाणी यायला वीप होल नसतील तर मागे पाण्याचा दाब साठतो आणि पापड सुटावा तसा थर सुटतो. पाऊस पडून गेल्यावर वीप होलांमधून पाणी येतंय का बघा. एकातूनही येत नसेल आणि कडा ओला असेल तर ती नुसती शोभेची भोकं आहेत, जाळीच्या मागे पाइप गेलेलाच नाही. गवत उगवेल अशी जागा असेल तर शॉटक्रीट टाळाच, असं माझं मत.

पायथ्याशी

पायथा कोरू नका. रस्ता दीड मीटर रुंद करायला किंवा वडापावच्या टपरीला जागा करायला कोणीतरी जेसीबीने पायथा खातो आणि वरच्या पंचवीस मीटर कड्याचा आधार जातो. कोकणात पडलेल्या दरडींच्या मागे पाऊस किती आणि बकेट किती हे एकदा कोणीतरी प्रामाणिकपणे मोजायला हवं.

त्याऐवजी रस्ता आणि कडा यांच्यात चर ठेवा. कडा अगदी उभा असेल तर दगड जवळ पडतो, उतार थोडा तिरका असेल तर टप्पे खात लांब उडतो, त्यामुळे तिरक्या उताराला चर जास्त रुंद लागतो, हे उलटं वाटतं पण आहे तसंच. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात आर्थर रिची नावाच्या माणसाने शेकडो दगड कड्यांवरून सोडून हे बघितलं आणि १९६३ मध्ये उंची-उतारानुसार चर किती रुंद, किती खोल हे मांडलं, इंजिनियर लोक अजून तिथून सुरुवात करतात. चराच्या तळाला काँक्रीट नको, वाळू नाहीतर बारीक खडी टाका, दगड तिथे रुतून बसतो, काँक्रीटवर आपटला की चेंडू. आणि चर रिकामा ठेवा. आमच्याकडे दोन वर्षांत तिथे शहाळ्याची गाडी, मग बाकडी, मग टुरिस्टच्या गाड्यांचं पार्किंग. रत्नागिरीजवळ आरे-वारेच्या रस्त्यावर सुट्टीच्या दिवशी जाऊन बघा, समुद्राचा फोटो काढणाऱ्या सगळ्यांची पाठ डोंगराकडे.

मुरुमाचा पायथा धरायला गॅबियन मस्त, म्हणजे तारेच्या पेटीत दगड भरलेले, पाणी आरपार जातं, थोडं हललं तरी तडा जात नाही. फक्त दगड हाताने रचून भरा, डंपरने ओतलेलं गॅबियन दोन वर्षांत बसतं. जांभा भरू नका, काळा दगड भरा.

रस्त्याच्या खालच्या बाजूला समुद्र असेल तर ते वेगळं प्रकरण. लाटा रस्त्याचा भराव खालून खातात, त्याला धूपप्रतिबंधक बंधारा लागतो, मोठे दगड किंवा टेट्रापॉड (चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे), खाली बारीक दगड आणि जिओटेक्स्टाइलचा थर, नाहीतर दगडांच्या फटींतून माती ओढली जाते आणि बंधारा जागेवरच खाली बसत जातो. हे सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारा नियमन क्षेत्रात, येतं, परवानगीशिवाय हात लावू नका. आणि पायथ्याचं काम भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या, दिवसांत ठेवा, अष्टमीच्या आसपास, अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात कालचं काम आज शोधावं लागतं.

झाडं

वाळा लावा. ओळीने, उताराला आडवा, रोपं जवळ जवळ. मुळं सरळ खाली दोन-तीन मीटर जातात आणि वर वजन काही नाही. नवीन उतारावर काथ्याची जाळी अंथरून त्यात लावला तर पहिला पाऊस निभतो. धारेपासून मागे करंज, उंडी, निर्गुंडी चालेल. धारेवर मोठं झाड नको, वाऱ्यात ते तरफेसारखं हलतं आणि भेग रुंद करतं. सुरूचं झाड तर अजिबातच नको. बांबूबद्दल भांडणं आहेत, पण बांबूची मुळं खोल जात नाहीत आणि बेट जड होतं, म्हणून मी कड्यावर माणगा लावत नाही, खाली पऱ्याच्या काठाला लावतो. वड, पिंपळ, नांदरुक भेगेत उगवले तर लहान असताना काढा. मोठा झालेला असेल तर वरून छाटत राहा, मुळं उपटू नका, आता तोच दगड धरून असतो.

पाऊस सुरू झाल्यावर

कोकण रेल्वेकडून एक शिकण्यासारखं आहे. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ दरडीमुळे गाडी घसरली, पन्नासेक माणसं गेली, पुढच्याच वर्षी १६ जूनला करंजाडीजवळ परत तेच. त्यानंतर जाळ्या मारल्या, कटिंगचे उतार कमी केले, पण त्याबरोबर पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी ठेवणं आणि रात्री गस्त हे पण आहे. जाळी आहे म्हणून गस्त बंद केली नाही.

हिंदी महासागरात रियुनियन नावाचं बेट आहे, तिथे किनाऱ्याचा रस्ता कड्याखालून जातो, काही ठिकाणी कडा २०० मीटरपर्यंत उंच, दगड काळा, पाऊस आपल्यापेक्षा भयंकर. गंमत म्हणजे ज्या तप्त ठिकाणातून आपला सह्याद्रीचा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वी बाहेर आला, तेच ठिकाण आज त्या बेटाखाली आहे, म्हणजे नात्यातलाच दगड. त्यांनी जाळ्या मारल्या, मार्च २००६ मध्ये तरी मोठी दरड येऊन माणसं गेली, शेवटी रस्त्याचा मोठा भाग समुद्रात पूल बांधून बाहेर नेला, २०२२ मध्ये तो पूल सुरू झाला. ते आपल्याला परवडणारं नाही. पण पूल व्हायच्या आधी ते अजून एक करायचे, जोराचा पाऊस झाला की कड्याकडच्या लेन बंद करून सगळी वाहतूक समुद्राकडच्या लेनवर. हे आपल्याला चार ड्रम आणि एका माणसात जमतं.

म्हणून गावाने आधीच ठरवून ठेवा. हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार आणि २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार. कोकणात पहिला आकडा रोजचाच झाला, पण दुसरा आला की कड्याकडची बाजू बंद, तिसरा आला की रात्रीचा रस्ताच बंद, असा काहीतरी नियम तुमच्या कड्याला बघून करा आणि सरपंच कोणीही असो तो पाळा. कड्यातून नेहमी येणारं पाणी अचानक गढूळ झालं, किंवा जोराचा पाऊस चालू असताना झरा एकदम बंद झाला, तर दोन्ही वाईट. बंद झाला म्हणजे पाणी आत तुंबतंय.

आणि ती खिळ्यांची वही. अंतर आठवड्याला एक-एक मिलिमीटरने वाढतंय, पाऊस थांबला की थांबतंय, तर इंजिनियरला बोलवायला वेळ आहे. पण या आठवड्यात दोन, पुढच्यात चार, मग तीन दिवसांतच आठ असं व्हायला लागलं तर ऑफिसला पत्र लिहीत बसू नका. आधी दोन्ही बाजूंना ड्रम आडवे लावा, माणूस उभा करा, मग पोलीसपाटील, तहसीलदार आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या १०७७ ला फोन.